विश्लेषण : पेण, रोह्याची घरपट्टी नेमकी ठरते कशी? बिलाआधी नोंदवही तपासणे का महत्त्वाचे?

घरपट्टीचे बिल हातात पडले की नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते. आकडा मागच्या वर्षीइतकाच असला तर बिल कपाटात जाते आणि वाढलेला असला तर ‘नगर परिषदेने दर वाढवला’ अशी चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात दर न वाढताही बिल वाढू शकते. शेजारी शेजारी असलेल्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन घरांची बिले वेगळी येऊ शकतात. याचे कारण घराबद्दलच्या चार-पाच नोंदींत असते. क्षेत्रफळ किती, बांधकाम कोणत्या प्रकारचे, वापर कशासाठी, घर किती जुने आणि ते भाड्याने दिले आहे का, या त्या नोंदी. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत तर शहराची हद्द संपताच हिशेबाची पद्धतच बदलते. ती समजून घेतल्याशिवाय बिल बरोबर की चूक, हे सांगता येत नाही.

एकाच तालुक्यात दोन पद्धती कशा?

पेण शहरात पेण नगर परिषद आणि रोहा शहरात रोहा अष्टमी नगर परिषद घरपट्टी आकारते. या दोन्ही संस्थांना ‘महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ लागू आहे. शहराच्या हद्दीबाहेर, म्हणजे पेण तालुक्यातील वडखळ, हमरापूर, जोहे किंवा रोह्याजवळच्या वरसे, धाटाव अशा गावांत घरपट्टी ग्रामपंचायतीची. तिथे ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६० चे कर व फी नियम लागू होतात.

फरक केवळ कायद्याच्या नावाचा नाही. नगर परिषद साधारणपणे ‘हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल’ या प्रश्नापासून सुरुवात करते. ग्रामपंचायत ‘ही जमीन आणि हे बांधकाम यांची किंमत किती’ या प्रश्नापासून सुरुवात करते. पहिल्या पद्धतीत करयोग्य मूल्य, तर दुसरीत भांडवली मूल्य काढले जाते. नगर परिषदेच्या कायद्यातही भांडवली मूल्याचा पर्याय आहे. त्यामुळे बिलावर कोणता शब्द छापला आहे, हे आधी पाहावे. शहरात राहणाऱ्या भावाचे बिल आणि गावातल्या भावाचे बिल समोरासमोर ठेवून ‘मला जास्त, तुला कमी’ असे म्हणण्यात अर्थ नसतो, तो याच कारणाने.

करयोग्य मूल्य म्हणजे काय?

१९६५ च्या कायद्यातील कलम ११४ नुसार घराचे वार्षिक भाडे धरले जाते. ते वाजवी अपेक्षित भाडे असेल किंवा प्रत्यक्ष मिळणारे भाडे असेल. या दोहोंतले जे जास्त, ते हिशेबात येते. त्यातून दुरुस्ती आणि इतर सर्व खर्चांपोटी सरसकट १० टक्के वजा केले जातात. उरते ते करयोग्य मूल्य.

प्रत्येक घराचे अपेक्षित भाडे स्वतंत्रपणे विचारत बसणे शक्य नसते. म्हणून व्यवहारात शहराचे विभाग पाडले जातात आणि बांधकामाचा प्रकार (आरसीसी, साधे पक्के, कौलारू, पत्र्याचे) व वापर पाहून प्रति चौरस मीटर भाड्याचे दर ठरवले जातात. त्या दराला घराच्या क्षेत्रफळाने गुणले की भाडे निघते. म्हणजे बाजारपेठेलगतच्या आरसीसी सदनिकेचा दर वेगळा आणि शहराच्या टोकाकडील कौलारू घराचा वेगळा. हे मूल्यनिर्धारण प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होते. नगररचना विभागाचा अधिकारी सहसा हे काम पाहतो.

करयोग्य मूल्यातून बिल कसे तयार होते?

एक उदाहरण घेऊ. यातील दर केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर त्या त्या नगर परिषदेचे आणि त्या त्या विभागाचे असतात.

समजा, सदनिका ५० चौरस मीटरची आहे आणि भाड्याचा दर प्रति चौरस मीटर महिना ४० रुपये आहे. महिन्याचे भाडे २,००० रुपये, वर्षाचे २४,००० रुपये. त्यातून १० टक्के, म्हणजे २,४०० रुपये वजा केले की करयोग्य मूल्य २१,६०० रुपये.

आता या २१,६०० वर टक्केवारी लागते. एकत्रित मालमत्ता कर २२ टक्के धरला तर ४,७५२ रुपये. वृक्ष कर १ टक्का धरला तर २१६ रुपये. राज्याचा शिक्षण कर ६ टक्के, म्हणजे १,२९६ रुपये. एकूण ६,२६४ रुपये.

आता दोन शक्यता तपासून पाहू. पहिली, नगर परिषदेने मालमत्ता कराचा दर २२ वरून २३ टक्के केला. बिल २१६ रुपयांनी वाढेल. दुसरी, दर तोच राहिला, पण मोजणीत ५० ऐवजी ६० चौरस मीटर नोंद झाली. करयोग्य मूल्य २५,९२० रुपये होईल आणि बिल सुमारे ७,५१७ रुपयांवर जाईल. वाढ १,२५० रुपयांहून अधिक. ती एका वर्षापुरती नसते. नोंद दुरुस्त होईपर्यंत ती दर वर्षी भरावी लागते.

दरवाढीवर सभेत गोंधळ होतो, निवेदने दिली जातात, बातम्या छापून येतात. चुकीच्या क्षेत्रफळावर काहीच होत नाही, कारण ते कोणी पाहिलेलेच नसते. गच्ची, जिना, सज्जा, बंद केलेली बाल्कनी, मागची पडवी हे सारे क्षेत्रफळात कसे धरले, यावर बिल हलते. म्हणून घराचा मंजूर नकाशा किंवा खरेदीखतातील क्षेत्रफळ आणि कर आकारणी उताऱ्यावरील क्षेत्रफळ एकदा तरी जुळवून पाहणे हा सर्वात फायद्याचा अर्धा तास ठरतो.

शिक्षण कराचे टप्पे काय सांगतात?

घरपट्टीच्या बिलात खरे ‘टप्पे’ दिसतात ते राज्य शासनाच्या उपकरांत. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे दोन्ही ‘महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम, १९६२’ नुसार घेतले जातात. नगर परिषद ते वसूल करते, पण पैसे जातात राज्याच्या तिजोरीत. म्हणजे बिलावर नगर परिषदेचे नाव असले तरी बिलाची सगळी रक्कम नगर परिषदेची नसते.

निवासी मालमत्तेसाठी शिक्षण कराचे टप्पे असे आहेत : वार्षिक मूल्य ७५ ते १५० रुपये असल्यास २ टक्के, १५० ते ३०० पर्यंत ३ टक्के, ३०० ते ३,००० पर्यंत ४ टक्के, ३,००० ते ६,००० पर्यंत ५ टक्के आणि ६,००० च्या पुढे ६ टक्के. बिगरनिवासी मालमत्तेला हेच दर दुप्पट, म्हणजे ४ पासून १२ टक्क्यांपर्यंत. रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी मालमत्तेवर असतो. त्याचे दर याच टप्प्यांनुसार १, १.५, २, २.५ आणि ३ टक्के.

हे आकडे पुन्हा वाचावेत. सर्वात वरचा टप्पा वर्षाला ६,००० रुपयांच्या मूल्यापाशी सुरू होतो. म्हणजे महिन्याला साधारण ५५५ रुपये भाडे धरलेले घरही त्यात बसते. ज्या काळात ७५ रुपये वार्षिक मूल्याचे घर ही खरी गोष्ट होती, त्या काळाचे हे टप्पे आहेत. कमी मूल्याच्या घराला कमी दर आणि मोठ्या घराला जास्त दर, हा टप्प्यांमागचा विचार. पण महागाईने तो विचारच पुसून टाकला. आज दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणारा निवृत्त शिक्षक आणि प्रशस्त बंगल्याचा मालक दोघेही बहुधा ६ टक्क्यांच्याच रांगेत उभे असतात. टप्पे कागदावर पाच आहेत, व्यवहारात जवळपास एकच उरला आहे.

नगर परिषदेला हे टप्पे बदलण्याचा अधिकार नाही. तो राज्य विधिमंडळाचा आहे. त्यामुळे या ओळीवरचा राग वसुली लिपिकावर काढून उपयोग नाही. हा प्रश्न आमदारांना विचारायचा आहे.

घरातच कारखाना किंवा भाडेकरू असेल तर?

पेणमध्ये हा प्रश्न घरोघरी आहे. शहरातील आळ्यांमध्ये आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणेशमूर्तींचे काम वर्षभर चालते. अनेक ठिकाणी पुढच्या खोलीत रंगकाम, मागे कुटुंब आणि वर माळ्यावर साचे, अशी रचना असते. कर आकारणीच्या दृष्टीने एका घराचे दोन भाग होतात : निवासी आणि बिगरनिवासी.

वरच्याच उदाहरणातील २१,६०० रुपयांचे करयोग्य मूल्य बिगरनिवासी धरले, तर शिक्षण कर २,५९२ रुपये होतो आणि ६४८ रुपयांचा रोजगार हमी कर वाढतो. बिल ६,२६४ वरून ८,२०८ रुपयांवर जाते. बिगरनिवासी जागेचा भाड्याचा दरही सहसा जास्त असल्याने प्रत्यक्ष फरक याहून मोठा असू शकतो.

इथे दोन टोकांच्या चुका होतात. पहिली, व्यवसाय चालू असताना तो लपवणे. पुढे नोंद झाली की फरकाची रक्कम मागितली जाते. दुसरी चूक घरमालकाच्या नुकसानीची असते. पुढची एकच खोली कामाची असताना संपूर्ण घर बिगरनिवासी लागणे. अशा वेळी किती चौरस मीटर जागा कामासाठी आणि किती राहण्यासाठी, हे नकाशासह लेखी देऊन मिश्र वापराची नोंद मागता येते. काम बंद झाले, दुकान मिटवले, तरी नोंद आपोआप निवासी होत नाही. तोही अर्ज करावाच लागतो.

रोह्यात प्रश्नाचे रूप वेगळे आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे शहरात आणि लगतच्या गावांत खोल्या भाड्याने देणे हे अनेक कुटुंबांचे उत्पन्न आहे. नगर परिषद हद्दीत प्रत्यक्ष भाडे अपेक्षित भाड्यापेक्षा जास्त असेल तर कायद्याने तेच धरता येते. म्हणून भाडेकरू राहिला की करयोग्य मूल्य वाढू शकते. भाडेकरू सोडून गेल्यावर हे मूल्य खाली यायला हवे, पण ते लेखी कळवल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. भाडेकराराची आणि तो संपल्याची प्रत जपून ठेवणे म्हणूनच गरजेचे.

ग्रामपंचायतीचे सूत्र काय आहे?

ग्रामपंचायतींत पूर्वी क्षेत्रफळावर आधारित आकारणी होती. ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने ती बदलली आणि भांडवली मूल्यावरील पद्धत आली. सूत्र लांबलचक दिसते, पण त्यात गुणाकार आणि बेरजेपलीकडे काही नाही.

जमिनीचे क्षेत्रफळ गुणिले वार्षिक मूल्य दर तक्त्यातील (रेडी रेकनर) जमिनीचा दर, हा पहिला भाग. बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, हा दुसरा भाग. दोन्हींची बेरीज करून तिला वापराच्या भारांकाने गुणायचे. निवासी वापराचा भारांक १, औद्योगिक १.२० आणि वाणिज्यिक १.२५. जे उत्तर येईल ते भांडवली मूल्य. त्यावर दर हजार रुपयांमागे ग्रामपंचायतीने ठरवलेला दर लागतो. हा दर बांधकामाच्या प्रकारानुसार शासनाने घालून दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादेत ग्रामपंचायत निवडते. मातीच्या घराला सर्वात कमी, आरसीसीला जास्त.

उदाहरण, पुन्हा धरलेल्या आकड्यांचे : जमीन १०० चौरस मीटर, दर १,००० रुपये, म्हणजे १ लाख. बांधकाम ७० चौरस मीटर, दर १५,००० रुपये, घर पंधरा वर्षांचे म्हणून घसाऱ्यानंतर ८० टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. एकूण ९ लाख ४० हजार. हजारी १ रुपया २० पैसे दर धरला तर घरपट्टी १,१२८ रुपये. याच घराचे वय नोंदवहीत लिहिलेले नसेल आणि ते नवे समजले गेले, तर मूल्य ११ लाख ५० हजार होते आणि घरपट्टी १,३८० रुपये.

गावातल्या घरांच्या बाबतीत वयाची नोंद ही सर्वात दुर्लक्षित गोष्ट आहे. आजोबांनी बांधलेल्या घराला दहा वर्षांपूर्वी नवा स्लॅब पडला, की सगळे घर त्याच वर्षीचे लागते. जुना भाग जुना म्हणून नोंदवता येतो, त्यासाठी जुन्या घरपट्टीच्या पावत्या हा चांगला आधार ठरतो.

या सूत्राचा आणखी एक अर्थ आहे. जमिनीचा दर रेडी रेकनरला बांधलेला आहे. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाल्यापासून आणि पनवेल, उरण व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नवनगराची अधिसूचना त्याच वर्षी निघाल्यापासून पेणच्या जमिनींकडे पाहण्याची नजर बदलली आहे. रेडी रेकनरचे दर वाढले की पुढच्या फेरआकारणीत त्याचा परिणाम घरपट्टीवर होतो. घर विकायचे नसलेल्या कुटुंबालाही, केवळ आजूबाजूची जमीन महाग झाली म्हणून, जास्त कर भरावा लागू शकतो. भांडवली मूल्य पद्धतीची ही दुखरी बाजू आहे. ग्रामसभेत कराचा दर ठरताना कमाल मर्यादेकडे न जाता खालचा दर ठेवण्याची मागणी करता येते, हा त्यावरचा गावाच्या हातातला उपाय.

दिवाबत्ती, पाणी आणि कचऱ्याचे पैसे वेगळे का?

ग्रामपंचायतीच्या बिलात घरपट्टीखाली दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा सफाई कर आणि पाणीपट्टी या ओळी असतात. नळजोडणी असेल तर विशेष पाणीपट्टी लागते. नगर परिषदेत पाणीपट्टीचे बिल अनेकदा स्वतंत्र येते. कचऱ्यासाठी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरकर्ता शुल्क घेण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली.

कर आणि शुल्क यांत फरक आहे. कर सर्वांसाठी असतो, त्या बदल्यात अमुक सेवा मिळालीच पाहिजे असे थेट नाते त्यात नसते. शुल्क मात्र सेवेच्या बदल्यात असते. घंटागाडी आळीत येतच नसेल किंवा नळजोडणीच नसेल, तर त्या शुल्काबद्दल लेखी तक्रार करायला भक्कम आधार आहे. पण ‘रस्ता खराब आहे म्हणून घरपट्टी भरणार नाही’ ही भूमिका कायद्यात टिकत नाही. तिचा तोटा भरणाऱ्यालाच होतो.

बिल थकले तर काय होते?

नगर परिषद हद्दीत मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वर्षाला २४ टक्के. उदाहरणातील ६,२६४ रुपये वर्षभर थकले तर सुमारे १,५०० रुपयांची भर पडते. बँकेच्या गृहकर्जापेक्षा हे व्याज कितीतरी महाग आहे. त्यानंतर मागणीची नोटीस, जप्तीचे वॉरंट असा क्रम सुरू होतो. ग्रामपंचायतीत सप्टेंबरअखेरपर्यंत चालू वर्षाचा कर भरणाऱ्याला ५ टक्के सूट आणि वर्ष संपूनही न भरणाऱ्याला ५ टक्के दंड, अशी रचना आहे. ग्रामपंचायत सदस्याने मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत स्वतःचा कर भरला नाही, तर त्याचे सदस्यत्वही जाऊ शकते.

मुंबई, ठाणे, पुण्यात राहणाऱ्या कुटुंबांची गावाकडची बंद घरे हा कोकणातला नेहमीचा विषय. घर बंद आहे म्हणून कर आपोआप माफ होत नाही. बिल दाराला लावून जाते, शास्ती वाढत राहते आणि गणपतीला घर उघडल्यावर कळते की आकडा दुप्पट झाला आहे. नोंदीत मोबाइल क्रमांक देणे हा यावरचा साधा उपाय.

राज्याने २०२५ मध्ये नगर परिषदांच्या थकबाकीवरील शास्ती अंशतः किंवा पूर्णतः माफ करता यावी यासाठी कायद्यात दुरुस्तीचा निर्णय घेतला आणि अभय योजना आणली. अडचणीतल्या कुटुंबाला याने दिलासा मिळतो, हे खरे. पण वारंवार अशा योजना आल्या की वेळेवर भरणाऱ्याला आपणच वेडे ठरलो असे वाटू लागते. माफी शास्तीची असते, मूळ कराची नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे.

हरकत कधी आणि कुठे घ्यायची?

कर आकारणी यादी दर चार वर्षांनी नव्याने केली जाते. नगर परिषद हद्दीत आधी प्रारूप यादी प्रसिद्ध होते, ती पाहण्यासाठी खुली असते आणि हरकतींसाठी किमान ३० दिवस दिले जातात. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी. त्यावर सुनावणी होते आणि मग यादी अंतिम होते. अंतिम झाल्यावर ती पुढील फेरआकारणीपर्यंत आधार मानली जाते. पुढे मालमत्ता कर अपील समितीकडे जाता येते, पण त्यासाठी मागणीची रक्कम आधी जमा करण्याची अट आड येते. म्हणून ते ३० दिवस सर्वात मोलाचे.

ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे ३० दिवसांत अपील करता येते. तिथे समाधान झाले नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी पंचायत समितीची कार्यालये असल्याने पहिल्या अपिलासाठी अलिबागला जाण्याची गरज नसते.

कागद कोणते पाहायचे? ग्रामपंचायतीत नमुना ८ ही कर आकारणी नोंदवही, नमुना ९ ही कर मागणी नोंदवही आणि नमुना १० ही भरलेल्या कराची पावती. नगर परिषदेत कर आकारणी उतारा. हे उतारे लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरावीक मुदतीत मिळणाऱ्या सेवांत मोडतात.

सवलत कोणाला मिळते?

‘पाचशे चौरस फुटांपर्यंतचे घर करमुक्त’ ही गोष्ट पेण-रोह्यात वारंवार सांगितली जाते. ती सवलत मुंबई महापालिकेच्या हद्दीतील निवासी घरांसाठी आहे. रायगडच्या नगर परिषदांना ती लागू नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना मात्र राज्याच्या २०२० च्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेनुसार एका निवासी मालमत्तेवरील करात सूट आहे. त्यासाठी अर्ज आणि दाखला द्यावा लागतो, ती घरबसल्या लागू होत नाही.

घरपट्टी नावावर, म्हणजे घर नावावर?

नाही. घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. मालकी ठरते ती खरेदीखत, वारस नोंद, मिळकत पत्रिका किंवा सात-बारा यांवरून. तसेच विनापरवाना बांधकामाला घरपट्टी लागली म्हणजे ते अधिकृत झाले, असेही नाही. नगर परिषद हद्दीत अशा बांधकामावर कराच्या दुप्पट शास्तीची तरतूद कायद्यात आहे आणि ती भरूनही बांधकाम नियमित होत नाही.

उलट बाजूने मात्र घरपट्टी मालमत्तेला चिकटलेली असते. थकबाकी हा त्या घरावरचा बोजा असतो. जुनी सदनिका किंवा गावठाणातले घर घेताना थकबाकी नसल्याचा दाखला न पाहिल्यास आधीच्या मालकाचे देणे नव्या मालकाच्या दारात येते.

नगर परिषदा वसुलीसाठी इतक्या आग्रही का?

१९९९ मध्ये नगर परिषदांची जकात गेली. तेव्हापासून त्यांचे हक्काचे मोठे उत्पन्न मालमत्ता कर आणि पाणीपट्टी एवढेच उरले, बाकी सारे अनुदान. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने शहरी संस्थांच्या अनुदानाला मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वाढीइतकी वाढवण्याची अट जोडली. वसुली कमी तर अनुदान धोक्यात, असा हा दुहेरी फास आहे. मार्चमध्ये दारात येणाऱ्या वसुली पथकामागे हेही कारण असते.

पण वसुलीचा आग्रह धरणाऱ्या संस्थेने हिशेब उघड करण्याचाही तितकाच आग्रह धरायला हवा. वीजबिलावर मागील वाचन, चालू वाचन, युनिट आणि दर छापलेला असतो. ग्राहक स्वतः मीटर पाहून बिल पडताळू शकतो. घरपट्टीच्या बिलावर मात्र अनेकदा करयोग्य मूल्य आणि करांच्या रकमा एवढेच असते. ते मूल्य कोणत्या क्षेत्रफळावर, कोणत्या विभागाच्या दराने, कोणता बांधकाम प्रकार धरून आले, हे बिलावरून कळत नाही. त्यासाठी लांबलचक सुधारणा नको. क्षेत्रफळ, प्रकार, वापर, वय आणि लावलेला दर या पाच गोष्टी बिलावर छापल्या आणि मोबाइलवर पाठवल्या तरी निम्मे वाद मिटतील. प्रारूप यादीची सूचना फलकावर आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात न राहता प्रत्येक नोंदणीकृत मोबाइलवर गेली, तर त्या ३० दिवसांना खरा अर्थ येईल. आणि राज्याने शिक्षण कराचे जुने टप्पे आजच्या भाड्यांशी जुळवून घेतले, तर लहान घराला लहान दर हे तत्त्व पुन्हा कागदावरून बिलावर येईल.

तोपर्यंत काम घरमालकाचे आहे. चालू वर्षाचे बिल भरावे, शास्ती लागू देऊ नये आणि त्याच फेरीत आकारणी उतारा किंवा नमुना ८ मागून घ्यावा. टेप घेऊन घर मोजावे, उताऱ्याशी जुळवावे. फरक दिसला तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच असलेली प्रत पावतीसोबत ठेवावी. कराचा दर सभागृहात ठरतो, तो एकट्याने बदलता येत नाही. आपल्या घराची चुकीची नोंद मात्र एका अर्जाने बदलू शकते.